ढिला ठेवलेला पुढचा ब्रेक

६ नोव्हेंबर १९७१, शनिवार. सकाळी मैदानावर बसून मी चुन्याची फक्की चाळत होते. खडे राहिले की रेघ तुटक पडते, आणि तुटक रेघेपाशी गाडी थांबवायला सांगितली की माणसं वाद घालतात. "बाई, आमचं चाक रेघंच्या अलीकडंच हाय की, बघा तुमी." म्हणून रेघ सलग आणि चांगली रुंद लागायची. चाळून झालं की फक्की बादलीत भरायची, वाकून रेघा मारायच्या, पदर झटकायचा आणि माणसं यायच्या आत हात धुऊन तयार राहायचं.

त्या दिवशी येणार होती ती माणसं शिकाऊ नव्हती. कुणी दहा वर्षं, कुणी पंधरा वर्षं फटफटी चालवत होतं. त्यांना मोटरसायकल शिकवायची, हे ऐकून नगरमधले लोक हसायचे. पोहणाऱ्याला पाण्यात कशाला ढकलताय, असं आमच्या शेजारच्या वकिलांनी एकदा विचारलंही होतं.

शिकवायचा माझा थोरला भाऊ, दादा. फौजेत त्यानं निरोप्यांना मोटरसायकल शिकवण्यातच नोकरी घालवली. पेन्शनीत आल्यावर नगरला मोटार ड्रायव्हिंगची शाळा काढली. आठवडाभर मोटारीचे शिकाऊ उमेदवार, आणि शनिवार-रविवार हे जुने मोटरसायकलवाले. दादाचं म्हणणं असं, की दहा वर्षं चालवणाऱ्याला दहा वर्षांच्या चुका हातापायात मुरलेल्या असतात. त्या त्याला दिसत नाहीत, कारण त्या चुकांसकट तो रोज घरी पोचलेला असतो.

माझं काम दोन प्रकारचं. एक म्हणजे ऑफिस बघायचं. दुसरं म्हणजे मागच्या सीटवर बसायचं.

हे दुसरं जरा समजावून सांगायला हवं. आपल्याकडे फटफटीवर माणूस एकटा क्वचितच असतो. मागे बायको असते, ती एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेली. सगळा भार डावीकडे. गाडी त्या बाजूला ओढत राहते आणि चालवणारा नकळत तिला उजवीकडे रेटत राहतो. सुरुवातीला दादा मागच्या सीटवर वाळूचं पोतं बांधायचा. पण पोतं दचकत नाही, खड्डा आला की अंग आखडत नाही, पदर सावरायला हात सोडत नाही. तेव्हा मी म्हटलं, मी बसते. मी त्या वेळी बत्तीस वर्षांची होते. नवरा वारल्यावर माहेरी आलेली, आणि रिकामं बसणं मला तेव्हाही जमत नव्हतं, आताही जमत नाही. परक्या पुरुषांच्या मागे गाडीवर बसते म्हणून लोक बोलले. दादानं विचारलं, "बंद करायचं का?" मी म्हटलं, "कर. पोत्याला विचार, गाडी कशी चालवली ते." विषय तिथेच संपला. दादानं लोहाराकडून मागच्या चाकाला एक जाळी करून घेतली, साडी चाकात जाऊ नये म्हणून, आणि मी बसायला लागले.

मागे बसणाऱ्याला जे कळतं ते समोर उभं राहून बघणाऱ्याला कळत नाही. चालवणाऱ्याची पाठ खोटं बोलत नाही. तोंडानं गप्पा मारत असला तरी वळणाच्या आधी पाठ ताठ झाली की समजावं, याला वळणाची भीती आहे आणि ती तो वेगानं झाकतो आहे. मिरजगावचे एक जनावरांचे डॉक्टर यायचे. मागे माणूस बसला की मान वळवून बोलायची त्यांना खोड. दादानं मला सांगितलं, तू एक शब्द बोलायचा नाही. मी गप्प बसले. तर डॉक्टरांनी दर थोड्या वेळानं मान वळवून विचारावं, "बाई, हाय ना? पडल्या तर न्हाई?" त्यांची ती मान काही आमच्याकडून सरळ झाली नाही. जनावरं मात्र त्यांच्या हातची बरी व्हायची म्हणे.

असो. त्या शनिवारी आली ती एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातली माणसं. कुणाचा ऊस तोडणीला आला ते बघत शेतोशेत हिंडायचं, तोडीचा हुकूम द्यायचा, उसाच्या बैलगाड्या वेळेवर निघतात की नाही ते पाहायचं, हे त्यांचं काम. फटफट्या ज्याच्या त्याच्या. पाटाच्या भरावावरून, पाटातून शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्यांवरून, वाळूतून, उसाच्या वाळल्या पाचटातून त्यांचा दिवस जायचा, आणि दिवेलागणीला ती घराकडे निघायची तेव्हा रस्ता उसाच्या बैलगाड्यांनी भरलेला असायचा. गाडीला मागे कंदील नाही. उसाची टोकं मागे दोन-दोन हात बाहेर आलेली. आदल्या हंगामात त्यांच्यातला बाळू नावाचा एक तरुण अशाच गाडीवर मागून आदळला आणि गेला. कारखान्यानं या माणसांना आमच्याकडे धाडलं ते त्यामुळे.

त्यांचा गटप्रमुख सोपानराव. पुणतांब्याचा, पन्नाशीला टेकलेला, उंच, टोपी कधी न काढणारा. बाकीची माणसं त्याच्या शब्दावर चालायची. तो उतरला की उतरायची, त्यानं तंबाखू मळली की मळायची.

दादा रांगेतल्या गाड्यांपाशी गेला आणि एकेका गाडीच्या पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबून पाहू लागला. सगळ्या लिव्हरी सैल. दाबली की मुठीला जाऊन टेकायची आणि चाकाला काही होत नसे.

"हा ब्रेक आहे का टॉवेल वाळत घालायची दोरी?" दादानं विचारलं.

माणसं हसली. सोपानराव हसला नाही. "म्या ढिला केलाय," तो म्हणाला. "समद्यांचा. नवी गाडी आली की पयलं काम त्येच."

"का?"

"का म्हंजे? पुढचा ब्रेक लावला की मानूस तोंडावर पडतो. सायकलवर बगितलं न्हाई व्हय तुमी? मागचाच ब्रेक खरा, हवालदारसाहेब. पुढचा कंपनीवाले शोभंला देत्यात."

ही समजूत मला नवी नव्हती. त्या भागातले बहुतेक लोक सायकलवरून थेट फटफटीवर आलेले. सायकलचा पुढचा ब्रेक उतारावर करकचून दाबला की माणूस उलटा होतो, हे प्रत्येक जण लहानपणी गुडघे फोडून घेत शिकलेला. ते शिक्षण त्यांनी तसंच मोटरसायकलवर आणलं. खरी गोष्ट अशी, की गाडी थांबू लागली की सगळं वजन पुढे येतं. मागचं चाक हलकं होतं आणि नुसता मागचा ब्रेक दाबला तर ते फरफटत जातं, थांबवत नाही. थांबवतं ते पुढचं चाक. फक्त ते हळूहळू दाबत न्यायचं असतं, मूठ एकदम आवळायची नसते, आणि वळणावर किंवा वाळूत फार जपून.

दादानं हे तोंडानं सांगितलं नाही. सोपानरावाला म्हणाला, "बाईंना मागे घ्या, चांगल्या वेगानं या आणि रेघेपाशी थांबा."

मी बसले. सोपानराव चालवायचा मात्र सुरेख. पाठ मोकळी, खांदे सैल, गाडी त्याच्याखाली सरळ रेषेत जायची. रेघ आली तसा त्यानं मागचा ब्रेक दाबला. चाक घसरलं, माझे पाय डावीकडे भिरकावल्यासारखे झाले, आणि आम्ही रेघ ओलांडून चांगले दोन बैलगाड्यांच्या लांबीएवढे पुढे गेलो. मग दादानं त्याच्या गाडीचा पुढचा ब्रेक आवळून दिला, लिव्हर कशी पिळत न्यायची ते हातावर हात ठेवून दाखवलं आणि पुन्हा पाठवलं. असं बऱ्याच वेळा केलं. अखेर एकदा गाडी पुढच्या बाजूला किंचित वाकली आणि रेघेच्या अलीकडे उभी राहिली. मी सीटवरून इंचभरही सरकले नाही.

सोपानराव खाली उतरला नाही. इंजिन बंद करून तसाच बसून राहिला. मी मागे होते म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर कुणालाच आलं नसतं.

"बाळूची गाडी बी मीच ढिली केल्ती, बाई."

मी गाडीवरून उतरले आणि दादाला जाऊन सांगितलं. दादानं समजूत घातली नाही. त्यानं पान्हा सोपानरावाच्या हातात दिला आणि म्हणाला, "बाकीच्यांच्या तुम्हीच आवळा." सोपानरावानं एकेक गाडी स्वतः आवळली. दोन्ही दिवस माणसं मन लावून शिकली आणि रविवारी संध्याकाळी गेली.

पुढे पंधरवड्यानं कारखान्याचा ट्रक नगरला आला होता, त्याच्या ड्रायव्हरनं दारातूनच निरोप टाकला. सोपानरावाची गाडी घेऊन निघालेला त्याचा धाकटा भाऊ रघुनाथ आणि रघुनाथची बायको गाडीवरून पडली. पुढच्या ब्रेकनं पाडलं. बाईचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आता सोपानराव ब्रेक पुन्हा ढिला करणार आहे, आणि त्याची माणसंही उद्या सकाळी त्याच्याकडे येऊन करून घेणार आहेत.

दादा त्या दिवशी शिकाऊ उमेदवारांना परीक्षेला घेऊन गेला होता. हंगाम ऐन भरात. रोज संध्याकाळी तीच माणसं, तेच रस्ते, त्याच कंदील नसलेल्या गाड्या. एकदा ब्रेक ढिले झाले की पुन्हा कुणी आवळणार नव्हतं, आणि त्यांच्यातला पुढचा बाळू कोण एवढाच प्रश्न उरला असता. मी घराला कुलूप लावलं, दादाला शेजारी निरोप ठेवला आणि पुणतांब्याची गाडी पकडली.

सोपानरावाची वस्ती गावापासून बाजूला, चारीच्या कडेला. मी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. अंगणात सोपानराव होता, रघुनाथ होता आणि ओट्यावर त्यांची आई.

"या," म्हातारी म्हणाली. "ब्रेक शिकवायला आलाय व्हय? आधी आमची सून बगून घ्या, काय शिकवलं त्ये."

"तेवढ्यासाठीच आले," मी म्हटलं आणि आत गेले.

रघुनाथची बायको वत्सला खाटेवर उशीला टेकून बसली होती. हात फडक्यानं गळ्यात बांधलेला. पंचविशीची असेल. मी तिला पडण्याबद्दल विचारलं, कारण अपघाताचं खरं कारण मागे बसलेल्याला ठाऊक असतं, हा माझा अनुभव.

"चारीवरच्या वाळूत शेरडू आडवं आलं," ती म्हणाली. "ह्यांनी मूठ आवळली. म्या खाली कवा आले, मलाच कळलं न्हाई."

"मूठ कशाला आवळली?"

"ह्ये कायमच आवळत्यात. खड्डा आला की आवळत्यात, चढ आला की आवळत्यात. शिंक आली तरी आवळत्यात."

म्हणताना तिला हसू आलं आणि हाड दुखलं म्हणून लगेच थांबलं. मला मात्र सगळा उलगडा झाला. वर्षानुवर्षं ती लिव्हर ढिली. दाबली तरी काही होत नाही, म्हणून रघुनाथला ती धरायची सवय लागलेली, बैलगाडीत बसणारा आधाराला कडेचा साटा धरतो तशी. आणि आता एके दिवशी त्या लिव्हरीत ब्रेक आला होता.

बाहेर येऊन मी रघुनाथला विचारलं, "गाडी नेताना भावाला विचारलं होतं?"

"इचारायचं काय त्यात? घरचीच गाडी."

"सोपानराव, तुम्ही यांना सांगितलं होतं, ब्रेक आवळलाय म्हणून?"

"त्येला काय सांगायचं? आमच्यात कुनी कुनाला सांगून गाडी नेत न्हाई, बाई. भाचा नेतो, शेजारचा मारुती नेतो, सोसायटीचा शिपाई नेतो. किल्ली तिथं खुंटीला असती."

म्हणजे दादानं आणि मी मैदानावर एका माणसाला शिकवलं होतं, आणि गाडी अख्ख्या वस्तीची होती. धाकट्यानं थोरल्याला विचारणं म्हणजे परकेपणा, थोरल्यानं धाकट्याला समजावत बसणं म्हणजे कमीपणा. चुन्याच्या रेघांमध्ये हे आमच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. पण यायला हवं होतं.

मी हे सगळं तिथेच बोलून दाखवलं. ब्रेकचा दोष नाही, रघुनाथचाही नाही, एकानं सांगितलं नाही आणि दुसऱ्यानं विचारलं नाही, एवढंच.

"आसंल," सोपानराव म्हणाला. "पर पडली तर खरी? किती जनांना सांगत बसू मी? ढिला असला तर कुनी पडत न्हाई."

"ढिला असला तर कुणी थांबतही नाही. बाळूचं तुम्हीच मला सांगितलंत."

ते बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं नाही. नंतर वाटलं. रघुनाथनं खाली पाहिलं. म्हातारी उठून आत गेली. सोपानरावानं तंबाखूची पिशवी काढली, उघडली आणि न मळताच पुन्हा बांधली.

"उद्या सकाळी समदे गाड्या घिऊन येनार हायेत," तो म्हणाला. "माज्यानं आता ठरवणं व्हत न्हाई. येकदा ढिला करून बगितला, येकदा आवळून बगितला. दोन्ही बारीला मानूस पडलं. आता वत्सला म्हनंल तसं. हाड तिचं मोडलंय."

त्यानं हे आतल्या खोलीत ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं. रघुनाथला ते आवडलं नाही असं दिसलं, पण थोरल्या भावापुढे तो बोलला नाही.

मला मुक्काम करावाच लागला. जेवण झाल्यावर मी वत्सलाजवळ बसले. ती एकदम म्हणाली, "बाई, बाळूभावजींचा ब्रेक आवळलेला असता तर वाचले असते का?"

धीर देण्यासाठी खोटं बोलायची माझी पद्धत नाही. "सांगता येत नाही," मी म्हटलं. "उसाची गाडी त्यांना किती जवळून दिसली ते बघायला कुणी नव्हतं. पण एवढ्या वेगानं आदळले नसते."

"आन् माजं? ढिलाच असता तर?"

"तुम्ही पडला नसता. बहुतेक शेरडू मेलं असतं."

"मंग ढिला बराच की."

"त्या दिवसापुरता बरा. शेरडाच्या जागी उसाची गाडी असती तर नाही."

म्हातारी कोपऱ्यात वाती वळत होती. मग वत्सलानं विचारलं, "तुमी रोज मागं बसता म्हंत्यात. भ्या वाटत न्हाई?"

"वाटतं. म्हणून कुठे धरायचं, पाय कुठे ठेवायचा, हे ठरवून टाकलंय."

"कुटं धरायचं आसतं?" तिनं विचारलं. "मला कुनीच सांगितलं न्हाई. ह्यांचा सदरा धरला तर ह्ये म्हंत्यात, लोकं बगत्यात. म्हून म्या मांडीवर हात ठिऊन बसते."

मी इतके दिवस मागच्या सीटवर बसत होते ते पुढच्या माणसाच्या चुका शोधायला. त्या सीटवर एरवी बसणारी बाई काही न धरता, हात मांडीवर ठेवून बसलेली असते, हे मी रस्त्यावर शंभरदा पाहिलं होतं. तिला बोलावून दोन गोष्टी सांगाव्यात, हे आमच्या शाळेत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी वत्सलाला एवढंच म्हटलं, "उद्या दाखवते. तुमचा निर्णय काहीही होवो."

"आन् मी ढिला करा म्हनले तर?"

"तरीही दाखवते."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी उठून अंगणात आले तर कारखान्याची माणसं एकेक करून येत होती. गाड्या उभ्या करून ती टोप्या सारखी करत बाजूला थांबली. शेजारचा मारुती आला, भाचा आला. सोपानराव पान्हा घेऊन आपल्या गाडीपाशी बसला होता, पण त्यानं नटाला हात लावला नव्हता. वत्सला भिंतीला धरत बाहेर आली आणि ओट्यावर बसली. थोरला दीर आणि परकी माणसं समोर असताना ती अशी कधी बसत नसावी, कारण म्हातारीनं तिच्या डोक्यावरचा पदर पुढे ओढून दिला.

"भावजी," ती सोपानरावाला म्हणाली, "घट्ट ऱ्हाऊ द्या. पर खुंटीवरची किल्ली जो जो काढतो त्येनं आज आधी ह्या बाईंना मागं बसवून गाडी थांबवून दावायची. मंग न्यायची."

सोपानरावानं मान हलवली आणि पान्हा खाली ठेवला. मारुती म्हणाला, "आता आमची बी परीक्षा व्हय?"

मी रघुनाथला आधी बोलावलं. तो नको म्हणाला. पडल्यापासून त्यानं गाडीला हात लावला नव्हता. मी त्याच्याशी वाद घातला नाही. किल्ली त्याच्या हातात दिली, लिव्हर उभ्या गाडीवरच पुन्हापुन्हा पिळून घ्यायला लावली, हळू, आणखी हळू, चाक फिरवून ते कुठे धरतं ते त्याला बघू दिलं. मग त्यानं गाडी सुरू केली आणि चारीच्या पक्क्या रस्त्याकडे तोंड करून उभी केली.

मी साडी आवरून मागे बसले. पाय ठेवला, आणि ओट्याकडे वळून मोठ्यानं सांगितलं, "वत्सलाबाई, इकडे बघा. डावा हात इथे, सीटच्या मागच्या लोखंडाला. उजवा त्यांच्या कमरेला. लोक बघेनात का."

मग रघुनाथला म्हटलं, "बोटं लिव्हरवर नुसती ठेवा. आवळू नका. चला."

त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली.